माळवद उतरवून नवीन छत: एकाच घराचे तीन अंदाज, खरा कुठला?

तेरणाकाठचा | १२ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात आमचं जुनं माळवदाचं, म्हणजे लाकडाच्या सांगाड्यावर मातीचं सपाट छत असलेलं घर आहे. मी पुण्यात, घरी आई आणि अण्णा. सप्टेंबरच्या पावसात माळवद बसलं. पडलं नाही, पण मधल्या खणातली (दोन खांबांमधल्या गाळ्यातली) एक तुळई, म्हणजे खांबांवरचं आडवं जाड लाकूड, चार बोटं खाली आली. सवण्याच्या (छतातल्या उजेडाच्या झरोक्याच्या) कडेनं जी धार लागली ती पाऊस थांबल्यावरही दोन दिवस चालूच होती. अण्णांनी आधी पातेलं ठेवलं, मग घमेलं, मग सरळ बाज उचलून ओसरीत आणली. पंचनाम्यात "कच्चे घर, अंशतः पडझड" असं लिहिलं गेलं, त्याचे ४,००० रुपये बसतात म्हणे. त्यात ताडपत्री आली.

आता छत बदलायचं पक्कं आहे. घर बाहेरून बाहेर ३० बाय २०, म्हणजे ६०० चौरस फूट. भिंती दगड-मातीच्या, दोन फुटी. वर पांढरी माती दीड फूट तरी असेल. तिघांना बोलावलं.

पहिला गावाजवळचाच ठेकेदार. म्हणाला, ३५० रुपये फुटानं मालासकट स्लॅब, २,१०,०००. माळवद उतरवणं फुकट, फक्त लाकूड त्याचं. दुसरा लातूरचा. त्यानं भिंतींकडं बघून मान हलवली आणि कॉलम उभे करून ४,८०,००० सांगितले. तिसरा फॅब्रिकेशनवाला, पाइप-पत्रा, १,१५,०००.

छत एकच आणि आकडे हे असे. कर्ज काढायचंय, म्हणून विचारतोय. नेमका अंदाज कसा काढायचा?

नांदेडी | १२ ऑक्टो., ११.०५

स्लॅबच टाका. एकदा टाकला की पन्नास वर्षं बघायला नको. उद्या वर मजलाही चढवता येतो. पहिल्यालाच अजून दहा हजार कमी करायला सांगा.

बिंदुसरा | १२ ऑक्टो., ११.३०

दादा, बाकीचं नंतर. आधी एक सांगा, लाकूड मोजलंत का? "उतरवणं फुकट" हे वाक्य मी आमच्या गेवराईकडच्या घरात ऐकलेलं आहे. सासऱ्यांना वाटलं, चला, मजुरी वाचली. ट्रॅक्टर भरून सागवान गेलं, आणि आठ दिवसांनी त्याच खांबांची जोडी एका हॉटेलच्या दारात पॉलिश करून उभी होती. सासरे अजूनही त्या रस्त्यानं जाताना तोंड फिरवतात.

टेप घ्या, एकेक खांब, तुळई, सरा (तुळईवर आडवं टाकलेलं बारीक लाकूड) मोजा. रुंदी गुणिले जाडी इंचात, भागिले १४४, गुणिले लांबी फुटात. झाले घनफूट. मग बोला.

सिव्हिल_लातूर | १३ ऑक्टो., सकाळी ७.१५

आकड्यांचं सांगतो. भाव आमच्याकडचे, या आठवड्यातले, तुमच्याकडं थोडं इकडंतिकडं होईल.

नुसत्या स्लॅबचं आधी. ६०० फूट, ५ इंच जाडी. ६०० गुणिले ५ भागिले १२ म्हणजे २५० घनफूट, अडीच ब्रास काँक्रीट (ब्रास म्हणजे १०० घनफूट). एम-२०च्या (घरांच्या स्लॅबला वापरतात त्या प्रतीच्या) मिश्रणाला सिमेंट ५७ गोण्या, कच (वाळूऐवजीचा दगडी चुरा) सव्वा ब्रास, खडी सव्वादोन ब्रास. लोखंड नुसत्या स्लॅबला फुटाला एक किलोच्या हिशेबानं ६०० किलो धरा. गोणी ३४०, लोखंड ५८, कच ५,५०० ब्रास, खडी ३,३०० ब्रास. माल झाला ६८-६९ हजार. सेंट्रिंग, बांधणी आणि ओतकाम मिळून फुटाला ७५ नं ४५,०००. तार, कव्हर ब्लॉक, लिफ्ट-मिक्सरचं भाडं सहा-सात हजार. एकूण १,२०,००० च्या घरात.

म्हणजे पहिला २,१०,००० सांगतोय त्यात त्याला ९०,००० सुटतात, वर लाकूड. आणि तरी त्याचा आकडा तुम्हाला स्वस्त वाटतोय, कारण जे लागणार आहे ते त्यात धरलेलंच नाही. बीम नाही, कॉलम नाही, पाया नाही, पॅरापेट नाही, वॉटरप्रूफिंग नाही. तो स्लॅब तुमच्या दगड-मातीच्या भिंतीवर ठेवणार आहे.

दोन बारीक गोष्टी. २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. ३७० ची गोणी ३४० च्या आसपास यायला पाहिजे. कोटेशन त्याआधीच्या भावानं असेल तर बदलून घ्या. दुसरं, गज नगावर घेऊ नका, वजनावर घ्या. १० मिमीचा १२ मीटरचा गज ७ किलो ४०० ग्रॅम भरतो, ८ मिमीचा ४ किलो ७४०. त्याहून बराच हलका भरला तर गज अंगानं बारीक आहे, परत पाठवा.

नांदेडी | १३ ऑक्टो., ९.५०

सर, एक कळलं नाही. दीड फूट माती म्हणजे वजन काय कमी आहे? जी भिंत एवढी माती पेलते ती ५ इंचाचा स्लॅब पेलणार नाही? उगाच खर्च वाढवायचे धंदे.

सिव्हिल_लातूर | १३ ऑक्टो., १०.२०

प्रश्न बरोबर आहे, राग नाही. हिशेब मांडू. ६०० फुटांवर दीड फूट माती म्हणजे ९ ब्रास. कोरडी धरली तरी ४० टन. तुमचा ५ इंची स्लॅब १७-१८ टन. माती दुपटीनं जड आहे, हे खरं.

पण ती माती भिंत पेलत नव्हतीच. माळवदाच्या घरात आत शिरलात की खांब दिसतात ना? वजन सऱ्यावरून तुळईवर, तुळईवरून खांबावर, खांबाच्या खालच्या दगडावर. घराला "दहा खणी" म्हणतात ते त्या लाकडाच्या सांगाड्यावरून. भिंत बहुतेक ठिकाणी नुसती आडोशाला उभी असते. आता तुम्ही खांब काढणार, आणि ज्या भिंतीनं आजवर स्वतःचंच वजन धरलं तिच्या डोक्यावर १८ टन ठेवणार. त्या दोन फुटी भिंतीत बाहेरून एक पदर, आतून एक पदर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही पदरांना शिवणारा आरपार दगड असेल तर नशीब.

दुसऱ्या ठेकेदारानं मान हलवली ती यासाठी.

खडूस_काका | १३ ऑक्टो., दुपारी २.३५

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, किल्लारीचा भूकंप. मी तेव्हा निलंग्यात नोकरीला होतो. गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. किल्लारीकडं मदतीला गेलो तेव्हा जे बघितलं ते इथं लिहीत नाही. पण एक गोष्ट डोळ्यांत राहिली. काही घरांत चारी भिंती ढासळलेल्या, आणि मधले खांब-तुळया तशाच उभ्या. जिथं सांगाडा धड होता तिथं माणूस निघाला. जिथं सरे भिंतीत खुपसलेले होते तिथं भिंत गेली आणि सगळी माती खाली.

त्यानंतर लोकांनी माळवदाची धास्ती घेतली, ठीकच. पण बऱ्याच जणांनी तीच भिंत ठेवून वर स्लॅब घातला आणि "पक्कं घर" म्हणून निर्धास्त झोपले. औसा तालुक्यातल्या माणसाला हे मी सांगायला नको.

गवंड्याचा_पोरगा | १३ ऑक्टो., रात्री ९.१०

आंबेजोगाई. वडील गवंडी, मी त्यांच्या हाताखाली आठ माळवदं उतरवली. सगळे सिमेंट-लोखंडाचं बोलायलेत. मातीचं कुणी बोलेना.

९ ब्रास माती जागेवर. फावड्यानं उपसली की फुगती, ट्रॉल्या बारा-तेरा होतात. ट्रॅक्टर दारापर्यंत येतो का ते बघा. आमच्या एका कामात गल्ली इतकी अरुंद की घमेल्यानं चौकापर्यंत माती न्यावी लागली, तिथंच मजुरी दुप्पट झाली. उतरवताना एका अंगाची माती आधी काढायची नाही, तुळई उलटती. मधून दोन्हीकडं सारखी सारखी. खाली टेकू लावल्याशिवाय वर माणूस चढवायचा नाही. तुमची तुळई आधीच चार बोटं खाली आलीय, तिला आजच टेकू द्या, छताचं पुढं बघू.

माती फेकू नका. पांढरी शेतात टाकायला लोक स्वतः मागत येतात. ट्रॉलीचं भाडं त्यांनाच द्यायला लावायचं, निम्मा खर्च तिथं वाचतो.

शेजारची भिंत सामाईक आहे का? असली तर काम सुरू व्हायच्या आधी चुलत्याला चहाला बोलवा. स्लॅबपेक्षा भावकीचा खर्च जास्त येतो, हे मस्करीत नाही म्हणत.

बिंदुसरा | १३ ऑक्टो., ९.२५

"चुलत्याला चहाला बोलवा" 😄 अंदाजपत्रकात हा रकाना पाहिजेच.

तेरणाकाठचा | १९ ऑक्टो., संध्याकाळी ६.५०

गावी जाऊन आलो. टेकू दिला. लाकूड मोजलं, अण्णा टेपचं एक टोक धरून होते आणि प्रत्येक खांबाला "हा काय विकायचा नाही" म्हणत होते.

खांब ८, सात इंची चौरस, आठ फुटी: २२ घनफूट. तुळया ६, आठ इंची, दहा फुटी: २७ घनफूट. सरे ४०, चार इंची, सहा फुटी: पुन्हा २७. एकूण ७६. त्यातलं उदीनं (वाळवीनं) खाल्लेलं, चिरलेलं वजा करून ६० धड आहे. लातूरच्या लाकूडवाल्यानं फोनवर न बघताच घनफुटाला १,४०० म्हटलं. म्हणजे ८४,०००. पहिल्या ठेकेदाराला मी हे "फुकट" देणार होतो!

भिंत कोपऱ्यात उकरून बघितली. पाया तीन फूट, खाली मुरूम लागला. आरपार दगड हाताला लागले नाहीत. बाहेरचा पदर एका ठिकाणी पोटाला सुटलाय.

मग दुसऱ्याचे ४,८०,००० बरोबर समजायचे का?

सिव्हिल_लातूर | १९ ऑक्टो., ८.३०

लुटीचे नाहीत, थोडे चढे आहेत. नऊ कॉलम, त्यांचे पाये, बीम आणि स्लॅब धरून काँक्रीट साडेसोळा घनमीटरच्या आसपास. सिमेंट १४५ गोण्या, ४९,०००. लोखंड १,४०० किलो, ८१,०००. कच ३ ब्रास, खडी ५ ब्रास, मिळून ३३,०००. खोदाईपासून ओतकामापर्यंत मजुरी फुटाला २५० नं १,५०,०००. पॅरापेट-वॉटरप्रूफिंग २५,०००. माळवद उतरवणं ४५,०००. ही बेरीज ३,८३,०००, वर दहा टक्के अडीअडचणीला. ४,२०,००० पर्यंत यायला हरकत नाही, लाकूड तुमच्याकडं ठेवून. मुरूम तीन फुटांवर लागला हे नशीब. काळ्या रानात नऊ खड्डे पाच-सहा फूट न्यावे लागले असते.

पण एक मोह होतो, तो आधीच सांगून ठेवतो. कॉलम आले की त्या दोन फुटी भिंतींचं काम संपतं. आत्ता तुम्हाला आत मिळतात २६ बाय १६, म्हणजे ४१६ फूट. भिंती पाडून ९ इंची विटांच्या केल्या तर आत ५२७ फूट. १११ फूट वाढले, एक खोली निघाली! मग विटकामाला लाख-सव्वा लाख, मग प्लास्टर, मग फरशी, मग "आता दारं जुनी कशी शोभतील". छताचा अंदाज काढायला आलेला माणूस घर बांधून बसतो आणि कर्ज आठ लाखांवर जातं. माझ्याकडच्या दर तीन गिऱ्हाइकांत एक.

नांदेडी | १९ ऑक्टो., ८.४५

मागं घेतो माझं. भिंतीवर स्लॅब नको. पण कॉलम करून टाकायचा असेल तर हेच वर्ष. विहिरी तुडुंब आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा माझ्या साडूनं स्लॅब टाकला. टँकर विकत घेऊन पाणी मारलं, तेही चार दिवस. पहिल्याच पावसात गळाला. स्लॅबवर आळी करून किमान दहा दिवस पाणी उभं पाहिजे.

बिंदुसरा | २० ऑक्टो., सकाळी ११.००

पत्र्याचं कुणी बोलत नाही, तर मी बोलते. आमचं शेवटी पत्र्याचंच झालं, सहा वर्षं झाली.

६०० फुटांच्या घराला पत्रा ७०० फूट लागतो, कारण उतार आणि चारी अंगाला वळचण. तुमचा फॅब्रिकेशनवाला १,१५,००० म्हणजे ७०० ला १६४ पडले, भाव ठीक आहे. पण पत्र्याची जाडी कागदावर लिहून घ्या. ०.५० मिमी म्हणून ०.३५ लावणारे आहेत. कडेला बोटानं दाबलं की कळतं. स्क्रूला रबरी वॉशर असतो, तो उन्हानं तडकतो आणि गळती तिथूनच सुरू होते. दर दोन-तीन वर्षांनी शंभर-दीडशे स्क्रू बदलायचे, आम्ही दिवाळीच्या झाडलोटीतच करतो.

सिमेंटचा पत्रा घेऊ नका, स्वस्त दिसला तरी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत आमच्या गल्लीतल्या सिमेंट पत्र्यांची चाळण झाली होती. त्यात बहुतेक अॅस्बेस्टॉस असतं, फुटलेले तुकडे अंगणात पडलेले बरे नव्हेत.

खरा त्रास उन्हाचा. मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याखाली बसून दाखवा. माळवदाखाली बसलेल्या माणसाला ते झेपत नाही, तुमच्या अण्णांना तर नाहीच. आणि वावधानात पत्रा उडतो, तो पत्र्याच्या दोषानं नाही, पाइप भिंतीत नुसता खुपसलेला असतो म्हणून.

गवंड्याचा_पोरगा | २० ऑक्टो., १.१५

ताई बरोबर. पाइपाला स्वतःचा पाय पाहिजे, दीड बाय दीड बाय तीन फुटाचं काँक्रीट. भिंतीवर भरवसा नाही म्हणून स्लॅब टाळला, मग पत्र्याचा पाइप तरी भिंतीत कशाला?

सिव्हिल_लातूर | २० ऑक्टो., ९.४०

यातूनच एक मधला रस्ता निघतो, अण्णाही खूश होतील. लाकूड काढूच नका. फक्त माती उतरवा. ४० टन गेले की राहिलेल्या सांगाड्यावर वजन असं उरतच नाही. खराब तुळई बदला, खांब-तुळईच्या काखेत तिरके टेकू मारा. मग बाहेरून स्वतंत्र पायांवर पाइप उभे करून, किलचनाच्या (सऱ्यांवरच्या लाकडी पट्ट्यांच्या) वर तीन फूट मोकळं सोडून पत्रा टाका. दोघांच्या मधून वारा फिरला पाहिजे. घरात बसल्यावर वर लाकडी छतच दिसेल, पत्र्याची धग खाली फारशी येणार नाही. पोट सुटलेल्या जागी भिंत उतरवून पुन्हा बांधा, आरपार दगड घालून, आणि भिंतीच्या माथ्यावर सिमेंटचा पट्टा फिरवा.

नांदेडी | २० ऑक्टो., ९.५५

आणि वर मजला?

सिव्हिल_लातूर | २० ऑक्टो., ९.५७

मुलगा पुण्यात आहे. मजल्यावर कोण राहणार आहे?

तेरणाकाठचा | २८ डिसेंबर २०२५, दुपारी १२.२०

उशीर झाला, माफ करा. काम झालं. तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात म्हणून खरे आकडे टाकतो.

माती उतरवायची मजुरी २६,०००. ट्रॉल्या तेरा, ७०० नं ९,१००. (पांढरी न्यायला दोघं तयार होते, ऐन वेळी दोघांनीही ट्रॅक्टर पेरणीला आहे सांगितलं.) सुतार आणि एक तुळई, तीन सरे मिळून १४,५००. पाइप-पत्रा १,१५,००० चा १,३२,००० झाला, कारण आठ पाये आणि वळचण तीन फूट केली. भिंतीची डागडुजी आणि माथ्याचा पट्टा ११,०००. वायरिंग नव्यानं ६,५००, हे कुणीच धरलं नव्हतं, जुनी वायर मातीतूनच गेलेली होती. पन्हाळ ५,२००. ताडपत्री, चहापाणी, किरकोळ ३,८००. बेरीज २,०८,१००.

पहिल्या ठेकेदाराचा आकडा २,१०,००० होता. तो परवा येऊन वर बघून गेला, म्हणाला, "एवढ्यात तर स्लॅब झाला असता." अण्णा त्याला खांबाला टेकून चहा देत होते.

चुलत्यांचं विचाराल तर तीन चहा आणि एक जेवण. सामाईक भिंतीच्या पट्ट्याचे निम्मे पैसे देतो म्हणालेत. म्हणालेत.

एकच राहिलं. आई विचारायलीय, उन्हाळ्यात कुरडया-पापड कुठं वाळवू? माळवदावर चाळीस वर्षं घातलं तिनं, आणि आता वर पत्रा. मला सुचलंच नव्हतं हे.

बिंदुसरा | २८ डिसें., १२.४५

न्हाणीघरावर करा ना! त्याच्या भिंती विटांच्या असतील तर १० बाय ८ चा छोटा स्लॅब आणि बाजूनं लोखंडी जिना. कठडा मात्र करा. आमच्याकडं तसंच आहे.

गवंड्याचा_पोरगा | २८ डिसें., १.३०

भिंती विटांच्या आहेत का, ते आधी बघून सांगा. आणि पाया किती आहे तेही.

तेरणाकाठचा | २८ डिसें., १.३२

उद्या उकरतो.